पत्नीचे दागिने तारणात आहेत आणि घरातले लग्न २१ दिवसांवर आले आहे: सगळे कसे सांगावे?

प्रश्न : रात्रपाळी, ४ मे २०२५

नमस्कार.

मी ४१ वर्षांचा असून चाकणच्या एका कारखान्यात देखभाल विभागात अभियंता आहे आणि चिंचवडला राहतो. घरी पत्नी, नववीत गेलेली मुलगी आणि वर्षातले सात-आठ महिने आमच्याकडे असणारे आईवडील आहेत. शेअर बाजारातील ऑप्शनच्या व्यवहारांत मी साडेसत्तावीस लाख रुपये घालवले आहेत. घरात हे कोणालाही ठाऊक नाही, आणि हा आकडा सगळी बेरीज करून मीसुद्धा आज प्रथमच लिहीत आहे.

२०२० च्या टाळेबंदीत कारखाना बंद असताना मी डिमॅट खाते उघडले. पुढचे वर्षभर जे घ्यावे ते वर जात होते आणि त्यालाच मी माझी अक्कल समजलो. २०२२ मध्ये एका टेलिग्राम गटाच्या नादाने एफ अँड ओकडे, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनच्या वायदे व्यवहारांकडे, वळलो. त्यानंतरच्या दोन वर्षांत मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून १३ लाख गेले, पण ते एकदम गेले नाहीत. महिन्यातून तीन-चार दिवस असे यायचे की दुपारपर्यंत निम्म्या पगाराइतकी रक्कम मिळायची, आणि तेवढ्याच्या जोरावर मी उरलेला महिना स्वतःची समजूत घालत असे. २०२३ च्या जुलैपासून ॲप उघडले की दहांपैकी नऊ जणांना यात तोटा होतो, ही सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, सक्तीची केलेली सूचना दिसू लागली. ती वाचल्याचे मान्य करून मी रोज पुढे जात असे. दहावा मीच आहे, याबद्दल मला शंका नव्हती.

वडील एसटीत वाहक होते. निवृत्तीच्या रकमेतले सहा लाख रुपये त्यांनी गावच्या घराच्या छपरासाठी राखून माझ्याकडे दिले होते, कारण माझ्या बँकेत व्याज बरे मिळेल असे मीच त्यांना सांगितले होते. लोकसभेच्या निकालाच्या आदल्या दिवशी, ३ जून २०२४ रोजी, मतदानोत्तर चाचण्यांमुळे बाजार तीन टक्क्यांहून अधिक वर गेला, तेव्हा त्या सहा लाखांचे निफ्टीचे कॉल (हा निर्देशांक वर गेला तरच पैसे देणारे ऑप्शन) घेऊन मी ते रात्रभर ठेवले. दुसऱ्या दिवशी निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळून २१,८८४ वर बंद झाला. कॅन्टीनच्या मागे उभा राहून मी फोन पाहिला तेव्हा सहा लाखांचे एकोणतीस हजार उरले होते, आणि गुरुवारच्या एक्स्पायरीला, म्हणजे सौद्याची मुदत संपली तेव्हा, तेही गेले.

त्यापुढचे सगळे भरून काढण्यासाठी केले. ऑगस्टमध्ये पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज काढले, ते दिवाळीपर्यंत संपले, आणि आता दरमहा ११,६०० रुपयांचा हप्ता पगारातून जातो. नोव्हेंबरमध्ये सेबीने साप्ताहिक एक्स्पायरी कमी केल्या, बँक निफ्टीची तर बंदच झाली. तेव्हा दोन दिवस सुटल्यासारखे वाटले आणि तिसऱ्या दिवशी मी निफ्टीच्या गुरुवारच्या एक्स्पायरीकडे वळलो. पत्नी मार्गशीर्षातले गुरुवार करते. संध्याकाळी ती महालक्ष्मीची पूजा मांडत असे, आणि त्याच दिवशी दुपारी साडेतीनला माझे त्या आठवड्याचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असे. २६ डिसेंबरला शेवटच्या गुरुवारचे उद्यापन झाले. दुसऱ्या दिवशी तिने माहेरच्या पाटल्या, मोहनमाळ आणि तोडे लॉकरमध्ये ठेवून यायला माझ्याकडे दिले. मी ते लॉकरमध्ये ठेवले नाहीत. त्यांच्यावर साडेतीन लाखांचे सोनेतारण कर्ज घेतले आणि फेब्रुवारी संपण्याआधी ते पैसेही गेले.

धाकट्या मेहुणीचे लग्न २५ मे रोजी आहे. पत्नी त्याआधीच्या आठवड्यात लॉकर उघडायला जाणार आहे. आईवडील सध्या गावी आहेत, मुलगी सुटीत मामाकडे आहे, म्हणजे बोलायला घर मोकळे आहे, तरी रोज संध्याकाळी मी उद्यावर टाकतो.

एका सहकाऱ्याने साडेतीन लाख उसने देण्याची तयारी दाखवली आहे. दागिने आधी गुपचूप सोडवून घ्यावेत, ती बाब कायमची झाकून ठेवावी आणि बाकीचे लग्नानंतर सवडीने सांगावे, असे वाटते; हे योग्य ठरेल का? वडिलांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. त्यांना सांगावे की नाही, आणि सांगायचे तर पत्नीच्या आधी की नंतर? मार्चपासून मी व्यवहार केलेला नाही, मात्र खाते चालू आहे आणि त्यात ३८,००० रुपये आहेत. झोप लागत नाही. माझा विमा आहे, हा विचार अलीकडे दोन-तीनदा मनात येऊन गेला.

उत्तर : हळदबाजार, ५ मे

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याविषयी. विम्याचा विचार येतो, असे लिहून तुम्ही थांबला आहात. मला तो वाचून पुढे जाता येत नाही. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा विनामूल्य क्रमांक आहे, तो रात्रीही चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. तो विचार पुन्हा आला तर त्याच क्षणी फोन करा, आणि पत्नीला जे सांगायचे आहे त्यात ही गोष्टही असू द्या. पैशांइतकीच तिला ती ठाऊक असली पाहिजे.

आता मी हे कोणत्या अधिकाराने लिहिते आहे ते सांगते. तुम्ही ज्या खुर्चीत बसून सांगणार आहात, तिच्या समोरच्या खुर्चीत मी बसलेली आहे. आमचे सांगलीला हळदीचे अडत दुकान आहे. यजमान वायद्याचे व्यवहार पहिल्यापासून करत, आणि हळदीपुरते होते तोवर त्यांना त्यातले कळतही होते. २०२० मध्ये कच्चे तेल मातीमोल झाले म्हणून त्यांनी एप्रिलच्या कराराचे तीन लॉट घेतले. २० एप्रिलला, टाळेबंदीमुळे वेळ कमी केलेली असल्याने, येथला बाजार संध्याकाळी पाचलाच बंद झाला, तेव्हा भाव बॅरलला हजार रुपयांच्या थोडा आत होता. रात्री अमेरिकेत तेल शून्याच्या खाली गेले आणि येथला करार उणे २,८८४ रुपयांना मिटवला गेला. एका लॉटमध्ये १०० बॅरल असतात. तीन लॉटचे मिळून, पाच वाजताच्या भावापासून मोजले तरी, साडेअकरा लाख रुपये एका रात्रीत अंगावर आले.

मला त्यांनी ते तीन वेळा सांगितले. मे महिन्यात म्हणाले की दीड-दोन लाख अडकले आहेत. मी चहा केला आणि म्हटले, जाऊ द्या, माणसे धडधाकट आहेत तोवर पैशाचे काय एवढे. जूनमध्ये आकडा पाच लाख झाला. जुलैमध्ये दलालाकडून आलेला हिशेब माझ्या हाती पडला आणि त्यावर खरी रक्कम होती. नातेवाइकांना वाटते की मला त्या तिसऱ्या आकड्याचा राग आला. मला राग आला तो मे महिन्यातल्या त्या चहाचा. मी ज्याला धीर देत होते तो माणूस माझ्यासमोर बसून मोजूनमापून खोटे बोलत होता. रक्कम आम्ही चार वर्षांत फेडली, एक प्लॉट विकून आणि दुकानातला एक गडी कमी करून. पण आजही अमक्या व्यापाऱ्याकडून चाळीस हजार यायचे आहेत असे त्यांनी सहज म्हटले, तरी माझ्या तोंडून 'नक्की चाळीसच ना?' असे निघून जाते, आणि त्यांची मान खाली जाते. ते मला आवडते असे नाही.

म्हणून दागिन्यांची बाब झाकण्याचा विचार सोडून द्या. तुमच्या साडेसत्तावीस लाखांत पत्नीच्या दृष्टीने सर्वांत जड रक्कम साडेतीन लाखांची आहे, कारण बाकीचे पैसे तुम्ही बाजारात घालवले आणि हे तिच्या हातातून घेतले, तेही उद्यापनाच्या दुसऱ्या दिवशी. तेवढेच नेमके लपवून उरलेले सांगितलेत, आणि पुढे कधी तारणाची एखादी पावती कपाटात सापडली, तर त्या दिवशी तुम्ही जे खरे सांगितले होते तेही खोट्यात जमा होईल. सहकाऱ्याकडून गुपचूप घेतलेले साडेतीन लाख हे तुमच्या जुन्याच सवयीचे पुढचे पाऊल आहे. तारीख गाठण्यासाठी आजची खड्डाभरती उद्यावर ढकलायची, हेच तुम्ही दर गुरुवारी करत होता.

सांगण्याविषयी थोडे. रात्री जेवण झाल्यावर सांगू नका, कारण रात्र तिला एकटीला काढावी लागते. सुटीच्या दिवशी सकाळी सांगा. पहिल्या दोन वाक्यांत पूर्ण आकडा आणि दागिने दोन्ही येऊ द्या. 'रागावणार नसशील तर एक सांगतो' अशी प्रस्तावना नको. तुमच्यासाठीच करत होतो, असे चुकूनही म्हणू नका. आणि शक्य तोवर तिच्याआधी रडू नका. तुम्ही आधी रडलात तर तुम्हाला सावरण्याचे काम तिच्यावर येते आणि तिचे स्वतःचे रडणे राहून जाते. माझे तसेच झाले होते.

उत्तर : पायवाट, ५ मे

मी थोडे वेगळे मत मांडतो. पत्नीला सगळे सांगावे, याबद्दल दुमत नाही. वडिलांना मात्र सांगू नये. ज्या माणसाच्या हृदयात स्टेंट बसवलेला आहे, त्याला आयुष्यभराची शिल्लक गेल्याचे सांगून तुमचे मन हलके होईल आणि त्यांच्या छातीवर धोंडा बसेल. पत्नीच्या संमतीने तीन-चार वर्षांत सहा लाख पुन्हा जमवा आणि छपराचे काम करून द्या. तोवर ठेवीची मुदत वाढवली आहे असे म्हटले तर कोणाचेही बिघडत नाही. प्रत्येक सत्य प्रत्येकाला सांगितलेच पाहिजे, असा काही नियम नाही.

उत्तर : ताळेबंद, ५ मे

मी करविवरणे भरून देण्याचे काम करतो. दर वर्षी जून-जुलैमध्ये एफ अँड ओचे तोटे घेऊन पुरुष येतात, कधी कधी सोबत पत्नी असते, आणि एकूण आकडा तिला माझ्या टेबलावर प्रथम कळतो. ते दृश्य मी इतक्यांदा पाहिले आहे की आता मी आधी फोन करून विचारतो, घरी बोलणे झाले आहे ना. तेव्हा मनाचे काय ते वर हळदबाजार यांनी लिहिले आहे. मी कागदांपुरते लिहितो.

सर्वांत आधी ते ३८,००० रुपये बँक खात्यात काढून घ्या आणि व्यवहार खात्यातील एफ अँड ओची सुविधा बंद करून घ्या. ही गोष्ट घरी बोलण्याच्या आधी करा. सेबीने गेल्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या आणि सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख होता, हे अनेकांनी वाचले असेल. मला त्यातली दुसरी नोंद अधिक महत्त्वाची वाटते. सतत तोटा होऊनही त्यातल्या तीनचतुर्थांशांहून अधिक लोकांनी व्यवहार चालूच ठेवले. 'मार्चपासून केलेला नाही' या तुमच्या वाक्यावर मी म्हणूनच फार विसंबत नाही. रागावू नका.

दुसरे, सोनेतारण. डिसेंबरमध्ये कर्ज देताना सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येत होती, म्हणजे तुमच्या दागिन्यांची किंमत किमान पावणेपाच लाखांच्या आसपास धरली गेली असणार. तेव्हा तोळा पंचाहत्तर ते ऐंशी हजारांच्या दरम्यान होता आणि गेल्या महिन्यात त्याने लाखाचा टप्पा गाठला. याचा अर्थ तुम्हाला लवकरच, आलाच नसेल तर, 'त्याच दागिन्यांवर वाढीव कर्ज घ्या' असा फोन येईल. तो फोन तुमच्यासारख्या माणसाला सर्वांत धोक्याचा आहे. कर्जाच्या कागदांवर मुदत, व्याज केव्हा भरायचे आणि लिलावाची नोटीस कोणत्या पत्त्यावर येईल, हे तिन्ही पाहून घ्या. काही ठिकाणी अंशतः रक्कम भरून एखादा नग सोडवता येतो, त्याचीही चौकशी करा. आणि एक गोष्ट कटू असली तरी लिहितो. माहेरचे दागिने हे स्त्रीधन आहे, त्यावर पतीचा हक्क नाही, आणि ते परस्पर वापरणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी खटल्यात म्हटले आहे. तुमची पत्नी न्यायालयात जाईल असे मी सुचवत नाही. दागिने कसे आणि केव्हा सोडवायचे, हा निर्णय तिचा आहे, तुमचा किंवा तुमच्या सहकाऱ्याचा नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

भविष्य निर्वाह निधीतून उचल घेण्याचा विचार बहुधा तुमच्या मनात येईल. विवाहासाठी मिळणारी उचल स्वतःच्या, मुलांच्या किंवा भावाबहिणींच्या लग्नासाठी असते. मेहुणी त्यात बसत नाही. खोटे कारण लिहून अर्ज करू नका. यादीत आणखी एका खोट्याची भर नको.

आता कर. एफ अँड ओचा तोटा हा व्यवसायातला तोटा धरला जातो. तो पगारातून वजा होत नाही, पण विवरण मुदतीत भरले तर पुढची आठ वर्षे ओढता येतो आणि व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करता येतो. पगारदार माणसे आयटीआर-१ हा विवरणाचा साधा फॉर्म भरून मोकळी होतात आणि हा तोटा दाखवतच नाहीत. तुम्हीही तसेच केले असेल तर २०२३-२४ पर्यंतचे १३ लाख कराच्या दृष्टीने बहुतेक हातचे गेले. परंतु ४ जून २०२४ पासूनचे साडेचौदा लाख २०२४-२५ या आर्थिक वर्षात मोडतात आणि त्याच्या विवरणाची मुदत अजून गेलेली नाही. व्यवसायासाठीचा आयटीआर-३ भरा, आणि लेखापरीक्षण लागते का ते कोणाकडून तरी तपासून घ्या. व्यवसाय पुन्हा करायचाच नाही तर तोटा ओढून उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. उपयोग कदाचित शून्य असेल. पण ते विवरण भरताना सगळ्या व्यवहारांचा अधिकृत हिशेब एका ठिकाणी येतो, आणि पत्नीच्या हातात तुमच्या आठवणीतल्या आकड्यांपेक्षा तो हिशेब दिलेला बरा.

उत्तर : फळा आणि खडू, ६ मे

पायवाट यांचे म्हणणे मायेपोटी आलेले आहे, तरी मला ते पटत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे आणि माझ्या मुलाने माझ्या ठेवीचे चार लाख असेच घालवले होते. त्याने मला दीड वर्ष सांगितले नाही, कारण माझा रक्तदाब. त्या दीड वर्षात मी त्याला ठेवीची पावती तीनदा मागितली. पहिल्यांदा ती कार्यालयात राहिली होती, दुसऱ्यांदा बँकेचे सर्व्हर बंद होते, तिसऱ्यांदा तो माझ्यावर ओरडला. तिसऱ्यांदा मला सगळे कळले. पुढचे आठ महिने मी माहीत नसल्याचे सोंग घेतले आणि तो सांगत नसल्याचे, आणि त्या आठ महिन्यांत माझा रक्तदाब काही सुधारला नाही.

ज्यांच्या अंगावर खाकी होती त्यांच्याविषयी तर मी खात्रीने सांगू शकतो. एसटीचा वाहक रोज फेरी संपल्यावर तिकिटे, वेबिल आणि रोकड यांचा मेळ घालून मगच घरी जातो. रक्कम कमी पडली तर ती स्वतःच्या खिशातून भरतो. तीस वर्षे ज्याने असा मेळ घातला, त्याला 'ठेवीची मुदत वाढवली' हे पुरेल, असे समजणे म्हणजे त्यांना ओळखलेच नाही. ते विचारत नसतील, तर विचारायला घाबरत असतील.

प्रकृतीची काळजी खरी आहे, तिची सोय करा. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारा, गोळ्या नियमित चालू आहेत ना ते पाहा, फोनवर सांगू नका, आणि एकट्याने जाऊ नका. पत्नीला आधी सांगा आणि ती तयार असेल तर तिच्यासह जा. आईला स्वयंपाकघरात ठेवून वडिलांना बाहेर अंगणात सांगणे असले काही करू नका. छप्पर त्यांचेही आहे.

उत्तर : रात्रपाळी, १५ मे

सर्वांचे आभार. सगळ्यांना वेगवेगळे उत्तर देण्याइतके डोके सध्या चालत नाही, म्हणून जे झाले ते लिहितो.

६ तारखेला एफ अँड ओ बंद करून घेतले आणि ३८,००० काढले. त्याच रात्री १४४१६ वर फोन केला. पलीकडच्या बाईंनी अर्धा तास ऐकून घेतले आणि शेवटी विचारले की घरी केव्हा सांगणार आहात, तारीख सांगा. मी शनिवार म्हणालो.

१० तारखेला सकाळी पत्नीला सांगितले. कागद तयार केला होता, त्यावर चार ओळींत चार रकमा आणि खाली बेरीज. दागिन्यांचे वाक्य पहिले म्हटले. ती रडली नाही. तिने सोनेतारणाची पावती मागितली, ती नगावार वाचली, आणि तोड्यांचे वजन बरोबर लिहिले आहे का ते स्वतःच्या वहीतल्या नोंदीशी ताडून पाहिले. मग विचारले की हे आणखी कोणाकोणाला माहीत आहे. सहकाऱ्याचे नाव सांगितल्यावर तिला सर्वांत जास्त लागले. परक्याला आधी कळले, हे ती त्या दिवशी चार वेळा म्हणाली. विम्याचा विचार सांगितला तेव्हा मात्र ती उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही. पॉलिसीचे कागद आता तिच्याकडे आहेत.

दागिन्यांचे तिने असे ठरवले आहे की लग्नाआधी सोडवायचे नाहीत. उसने घ्यायचे नाही, आणि शाळेच्या पगारातून चाललेल्या तिच्या आवर्ती ठेवीला हात लावायचा नाही. मी तिला ३८,००० दिले, ते तिने मुलीच्या खात्यात भरले. पुढच्या महिन्यापासून माझा पगार तिच्या खात्यात जाईल आणि व्याजासह तारण फिटेपर्यंत मला रोजच्या खर्चापुरते पैसे मिळतील. तिच्या आईला तिने फोनवर स्वतः सांगितले की पाटल्या तारणात आहेत, लग्नात घालणार नाही. कारण सांगितले नाही. ते मी २५ तारखेनंतर सासऱ्यांना समोर बसून सांगायचे आहे. सध्या ती मुलीच्या खोलीत झोपते. मुलीला काय सांगायचे ते अजून ठरलेले नाही.

हृदयरोगतज्ज्ञांशी शनिवारी दुपारीच बोलून घेतले होते. रविवारी पत्नीसह गावी गेलो. ती येईल असे मला वाटले नव्हते. एसटीत तिने खिडकीची जागा घेतली आणि कराडपर्यंत एक शब्द बोलली नाही. वडिलांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. आई रडू लागली, त्यांनी तिला हातानेच थांबवले. मग माझ्याकडे पेन मागितले आणि म्हणाले, 'सोनेतारणाचे आजपर्यंतचे व्याज यात कुठे आहे?' मी ते धरलेच नव्हते. त्यांनी दर विचारला, दिवस मोजले, पंधरा हजार आठशे लिहिले, खाली नवी बेरीज मांडली आणि माझी बेरीज एका रेघेने खोडली. त्यानंतर कागदाची घडी करून तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि मळ्याकडे निघून गेले. दिवेलागणीला परत आले. माझ्याशी बोलले नाहीत, जेवले मात्र नेहमीइतके.

सोमवारी पहाटे आम्ही निघताना ते फाट्यापर्यंत आले. गाडी दिसू लागली तेव्हा म्हणाले की पूर्ण छपराचे पुढे बघू, पण न्हाणीवरचे सहा पत्रे या पावसाच्या आत बदलावेच लागतील, पत्रे ते उधारीने आणतील, मी लग्नाहून येताना पत्र्यांचे हुक आणि वॉशर चिंचवडहून घेऊन यावेत, साठ नग, गॅल्व्हनाइज्ड, आणि पावती विसरू नये.

हुक काल घेतले. पावती पत्नीकडे दिली आहे.